बिबट्या आणि ओळंबा

"मॅडम, बंदूक बरोबर नाही," डॉक्टर देवरे म्हणाले आणि त्यांनी ती लांबडी काळी पेटी माझ्या टेबलावर ठेवली.

चार दिवसांपूर्वी ती बंदूक मीच बरोबर करून दिली होती. त्यामुळे ते वाक्य मला चांगलंच झोंबलं.

दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली ही गोष्ट. मी तेव्हा अंबडच्या एका कारखान्यात स्टँडर्ड रूम सांभाळायचे. आम्ही गिअरबॉक्सचे भाग बनवायचो. स्टँडर्ड रूम म्हणजे मोजायची खोली. बाहेर मशिनवर तयार झालेला माल बरोबर की चूक, हे या खोलीत ठरतं. एसी कायम वीस डिग्रीवर, कारण उन्हाने लोखंडही फुगतं. मधोमध काळ्या ग्रॅनाइटचा जाड, घासून सपाट केलेला दगड. त्याला सरफेस प्लेट म्हणतात. या दगडाइतकं सपाट अख्ख्या नाशिक जिल्ह्यात काही नाही, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. मशिनवरचे लोक मला तोंडावर बनकर मॅडम म्हणायचे आणि पाठीमागे मायक्रॉन मॅडम; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मला दोन्ही चालायचं.

देवरे हे जनावरांचे डॉक्टर. मूळचे सटाण्याकडचे, नाशकात प्रॅक्टिस. गाई-म्हशी, शेळ्या आणि आमचे वर्क्स मॅनेजर पाटणकरसाहेब यांचा कुत्रा हे त्यांचे नेहमीचे पेशंट. पण उसातला बिबट्या वस्तीत शिरला की वनखात्याची माणसं त्यांना बोलावून न्यायची. बिबट्याला लांबून बेशुद्ध करायची बंदूक त्यांच्याकडे होती. तिच्यातून गोळी सुटत नाही, डार्ट सुटतो. डार्ट म्हणजे उडतं इंजेक्शन. पुढे सुई, मध्ये औषध, मागे गुलाबी लोकरीचा गोंडा. बंदूक गॅसच्या दाबावर चालते. वर एक दुर्बीण असते, तिला स्कोप म्हणतात. स्कोपमधून पाहिलं की दोन बारीक काळ्या रेषा दिसतात, एक उभी आणि एक आडवी. त्या जिथे मिळतात तो बिंदू जनावराच्या मांडीवर ठेवायचा आणि चाप ओढायचा.

मांडीवरच का, तर तिथे मांस जाड असतं. तिथून वीतभर बाजूला पोट असतं.

पहिल्यांदा बंदूक आली तेव्हा गेटवरच्या सिक्युरिटीची पाचावर धारण बसली होती. मला पाटणकरसाहेबांचा फोन आला.

"मॅडम, एक बंदूक येतेय. दचकू नका. तिचा स्कोप लेव्हल करून द्यायचाय."

"साहेब, माझ्याकडे गिअरचे तीन लॉट पडलेत."

"गिअर पळून जात नाहीत. बिबटे जातात."

देवरे आले. पन्नाशीचे, सडपातळ, फार कमी बोलणारे. मी विचारलं, बिघडलंय काय. त्यांनी पेटी उघडली. मग सांगितलं, की महिनाभरापूर्वी एका मादीला डार्ट मारला होता. मांडीवर नेम धरला आणि लागला पोटात. सुई आत खोल गेली. मादी रात्रभर जगली. तिच्या पोटात दोन पिल्लं होती.

"तेव्हापासून हात उचलत नाही," ते म्हणाले. "माझा नेम चुकला असेल तर मी हे काम सोडतो. पण स्कोप वाकडा असेल तर तो आधी कळायला हवा. पुन्हा असं जनावर मारायचं नाहीये मला."

मी सगळी विद्या पणाला लावली. बंदुकीच्या पाठीवर एक सपाट पट्टी असते. स्कोप कड्यांमध्ये बसवून त्या कड्या या पट्टीवर आवळतात. मी बंदूक सरफेस प्लेटवर नीट टेकवली आणि पट्टीवर प्रिसिजन लेव्हल ठेवली. गवंड्याकडे असते तशीच ही लेव्हल, फक्त इतकी नाजूक, की शेजारी कोणी टेबलाला टेकलं तरी आतला बुडबुडा सरकतो. बुडबुडा मध्यावर आणला. खोलीच्या काचेतून दिसणाऱ्या, मशिनच्या शॉपच्या पलीकडच्या भिंतीवर आधीच लेव्हलने तपासून एक उभी रेघ मारून ठेवली होती. स्कोपमधून तिच्याकडे पाहत स्कोप कड्यांमध्ये केसाकेसाने फिरवला आणि आतली उभी रेष त्या रेघेवर तंतोतंत आणली. स्क्रू आवळले. वर हिरवा ओकेचा स्टिकर चिकटवून सही ठोकली.

देवरेंनी विचारलं, "एकदा हातात धरून बघू का?"

"डॉक्टर," मी म्हटलं, "या खोलीत आम्ही हातावर भरवसा ठेवत नाही."

आणि आता चार दिवसांनी हे पुन्हा समोर. म्हणे, बंदूक उजवीकडे मारते.

माझ्या ओठांवर 'नाचता येईना अंगण वाकडं' ही म्हण आली होती. ती मी मोठ्याने म्हटली नाही. पण तोंडावर दिसली असावी, कारण डॉक्टर म्हणाले, "असेल मॅडम, माझंच चुकत असेल. पण मला एकदा दाखवून द्या. म्हणजे मी मोकळा झालो."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. दुधाने पोळलेला माणूस ताकसुद्धा फुंकून पितो, आणि यांनी तर ताकाला हात लावायचंच सोडलं होतं. मला वाईट वाटलं. मी भोयेंना हाक मारली.

भोये आमचे सीनियर फिटर. पेठ तालुक्यातल्या डोंगरातले. वीस वर्षं अंबडमध्ये काढलेला माणूस. त्यांनी कारखान्यामागच्या मोकळ्या प्लॉटवर भाताच्या पेंढ्याने भरलेलं पोतं उभं केलं, त्यावर मधोमध एक उभी रेघ मारली आणि एका जड ट्रॉलीवर वाइस बसवून आणली. वाइस म्हणजे वस्तू घट्ट पकडणारा लोखंडी शिकंजा. मी बंदूक त्यात लेव्हल लावून आवळली. डॉक्टरांच्या सरावाच्या डार्टमध्ये पाणी भरलं होतं.

पंधरा मीटरवरून तीन डार्ट मारले. तिन्ही मधल्या रेघेवर. तीस मीटरवरून तीन. अंतर वाढलं की डार्ट जास्त पडतो, म्हणून स्कोपवरचं उंचीचं चाक तितकं फिरवायचं असतं. डॉक्टरांनी ते फिरवून दिलं. तिन्ही पुन्हा मधल्या रेघेवर.

"बघा," मी म्हटलं.

"आता मी मारतो," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी बंदूक खांद्याला लावली. माणूस काही अनाडी नव्हता. श्वास सोडायचे, थांबायचे, चाप अलगद ओढायचे. पंधरा मीटरवरून तीन डार्ट, तिन्ही एकमेकांना चिकटून, रेघेच्या उजवीकडे दोन बोटं. तीस मीटरवरून तीन डार्ट, तेही एकमेकांना चिकटून. रेघेच्या उजवीकडे अर्धी वीत आणि थोडे खाली.

डॉक्टरांनी बंदूक ट्रॉलीवर ठेवली. "म्हणजे मीच," ते म्हणाले, आणि हात पँटला पुसत बसले.

मी मोजपट्टी घेऊन पोत्याजवळ गेले. सवय, दुसरं काय. पंधरावर सरासरी तीन सेंटिमीटर. तीसवर बारा. मी पुन्हा मोजलं, आणि तिथेच उभी राहिले.

हे जरा समजावून सांगते. स्कोप नुसता उजवीकडे बघत असता, तर अंतर दुप्पट झाल्यावर चूकही दुप्पट झाली असती. तिनाचे सहा. इथे तिनाचे बारा झाले होते. चौपट. आणि अंतर दुप्पट केल्यावर चौपट होणारी एकच गोष्ट मला माहीत होती, ती म्हणजे पडणं. हवेतून जाणारी वस्तू जितका वेळ जाते, त्याच्या वर्गाने खाली पडते. शाळेत घोकलेलं. म्हणजे पृथ्वी ज्या हिशोबाने डार्ट खाली ओढत होती, त्याच हिशोबाने तो उजवीकडे जात होता. पोत्यावरच्या त्या सहा भोकांमध्ये गुरुत्वाकर्षण स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं. माझ्या अंगावर काटा आला. वीस डिग्रीच्या खोलीत इतकी वर्षं मोजलं, पण असं काही कधी समोर आलं नव्हतं.

पण पृथ्वी तर सरळ खाली ओढते. बाजूला ओढत नाही. मग बाजूला नेत होतं कोण?

आमचा भाजीचा आणि फुलांचा मळा होता. लहानपणी मी पाइपने झेंडूला पाणी मारायचे. लांबच्या वाफ्यावर पाणी टाकायचं तर पाइपचं तोंड वर धरावं लागतं. वर उचलताना मनगट जरासं उजवीकडे कलंडलं, तर धार उजवीकडे जाते. जितका वाफा लांब आणि तोंड जितकं वर, तितकं पाणी जास्त बाजूला. डार्टचंही तेच. तो पडणार म्हणून बंदुकीची नळी थोडी वर रोखलेली असते. बंदूकच कलंडली, तर ती वर न रोखता वर-उजवीकडे रोखते.

"डॉक्टर, पुन्हा बंदूक धरा."

त्यांनी धरली. मी समोरून पाहिलं. बंदूक सरळ वाटत होती. पण माणसाच्या खांद्यावर, गालाला टेकलेल्या, गोल नळीच्या वस्तूला सरळ म्हणायचं तरी कशावरून? तिथे काही रेघ नव्हती.

मग भोये म्हणाले, "मॅडम, ओळंबा लावू का?"

ओळंबा म्हणजे दोऱ्याला बांधलेलं वजन. भिंत उभी आहे की नाही, हे गवंडी त्यानेच बघतो. भोयेंनी शेडच्या छताच्या लोखंडी अँगलवरून पांढरा दोरा सोडला आणि खाली नट बांधला. वाऱ्याने तो हलायला लागला, तेव्हा पाण्याची बादली आणून नट पाण्यात बुडवला. दोरा जागच्या जागी थांबला.

"डॉक्टर, स्कोपमधून दोऱ्याकडे बघा," मी म्हटलं. "काय दिसतं?"

त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"भोये, दोरा तिरका लागलाय," ते म्हणाले.

भोयेंनी बादलीतला नट पाहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"डॉक्टर," मी म्हटलं, "ओळंब्याचा दोरा तिरका लागत नाही. लावू म्हटलं तरी लावता येत नाही."

त्यांनी बंदूक खाली घेतली. मग आपल्याच उजव्या खांद्याकडे पाहिलं. शर्टाचं वरचं बटण काढून त्यांनी कॉलर बाजूला केली. गळ्याजवळचं हाड मध्येच वर आलं होतं.

"सात-आठ महिन्यांपूर्वी म्हशीने लाथ मारली होती," ते म्हणाले. "कॉलरबोन मोडलं. जुळलं, पण आखूड जुळलं. हात चालतो, म्हणून मी विसरून गेलो."

बंदुकीचा दस्ता खांद्याच्या ज्या खळग्यात बसतो, तो खळगाच त्यांच्या अंगावर बदलला होता. बंदूक तिथे आपोआप उजवीकडे कलंडत होती. आठ-नऊ अंश. समोर मोकळं रान आणि जनावर असलं की एवढं तिरकेपण कोणाच्याच डोळ्यांना कळत नाही. आणि मी चार दिवसांपूर्वी त्यांना काय सांगितलं होतं? आम्ही हातावर भरवसा ठेवत नाही. मला माझीच लाज वाटली. मी बंदूक दगडाशी सरळ केली होती. दगड काही बिबट्यावर नेम धरणार नव्हता.

एवढ्यात डॉक्टरांचा मोबाइल वाजला.

ते नुसतं ऐकत होते. "किती वाजता? ... कडी लावलीय? ... जखमी आहे?" मग म्हणाले, "माझी बंदूक अजून..." आणि थांबले. फोनवर हात ठेवून त्यांनी मला सांगितलं, "सायखेडा. कांद्याच्या चाळीत मादी कोंडली गेलीय. दुसरी टीम यायला सहा तास लागतील. तोवर दिवस मावळेल."

"तासभर द्या," मी म्हटलं.

भोयेंनी एक छोटी लेव्हल बंदुकीवर चिकटवून बघितली. डॉक्टरांनी बुडबुडा मध्यावर आणायचा प्रयत्न केला, पण खांदा ताणला गेला आणि नळी थरथरायला लागली. शिवाय एक डोळा बुडबुड्यावर आणि एक जनावरावर, असं होत नाही. राहिला एकच उपाय. बंदूक त्यांच्या हातात जशी राहते तशी राहू द्यायची आणि स्कोप फिरवायचा.

मी स्क्रू सैल केले. डॉक्टरांनी बंदूक आपल्या सवयीने धरली, दोऱ्याकडे रोखली. मी स्कोप कड्यांमध्ये डावीकडे फिरवत गेले. "थोडं अजून. अजून. बस." आतली उभी रेष ओळंब्यावर बसली. मी स्क्रू आवळले. बंदूक ट्रॉलीवर ठेवली तर स्कोप ढळढळीत तिरका दिसत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी वस्तू मुद्दाम तिरकी बसवली होती. हिरवा स्टिकर मी नखाने खरवडून काढला.

आता नेम नव्याने मध्यावर आणायचा होता. दोन डार्ट मारून स्कोपवरचं, नेम डावीकडे-उजवीकडे सरकवायचं चाक फिरवलं. मग पंधरावरून एक, तीसवरून एक. दोन्ही रेघेवर. आणखी मारायला वेळ नव्हता. पाटणकरसाहेब शेडच्या दारात येऊन उभे होते.

"तुम्ही कुठे निघालात?" त्यांनी मला विचारलं.

"स्कोपचे स्क्रू जीपच्या हादऱ्याने हलले तर कोण बघणार, साहेब?"

"गेटपासवर कारण काय लिहू?"

"फिल्ड ट्रायल," मी म्हटलं. ते हसले नाहीत, पण सही केली.

भोये आणि मला घेऊन डॉक्टरांची जीप तासाभरात सायखेड्याला पोचली. गोदावरीच्या काठाने आत गेलो तर चाळीभोवती सगळं गाव. कांद्याची चाळ म्हणजे कांदा साठवायची लांबट शेड. हवा खेळावी म्हणून बाजूंना बांबूच्या पट्ट्या असतात, फटी ठेवून मारलेल्या. चाळ रिकामी होती. सकाळी कुत्र्याच्या मागे मादी आत शिरली. कुत्रं पलीकडच्या फटीतून निसटलं, मादी राहिली. चाळीच्या मालकीण चंद्राक्का, साठीच्या बाई. त्यांनीच मागून दार ओढून कडी घातली होती.

"कडी घालस्तोवर काय बी वाटलं नाय," त्या मला म्हणाल्या. "मंग पाय असे लटपटाया लागले का उभं ऱ्हाता येईना."

वनखात्याच्या रेंजरसाहेबांनी परिस्थिती सांगितली. कोणी वीस-पंचवीस मीटरच्या आत गेलं की मादी पट्ट्यांवर धडका मारत होती. तोंड रक्ताने माखलं होतं. दोन पट्ट्या तुटल्या होत्या. अंधार पडल्यावर ती बाहेर आली तर एवढ्या गर्दीत काहीही होईल. म्हणून पोलीस रायफल घेऊन उभे होते. डॉक्टरांकडे औषध भरलेला एकच डार्ट तयार होता. दुसरा भरता आला असता, पण पहिला चुकल्यावर ती पुन्हा शांत उभी राहिली नसती.

चंद्राक्कांनी डॉक्टरांना गाठलं. "डाक्तर, मारू नका तिला. माझ्या चाळीत मेली तर पुन्यांदा तिथं कांदा ठेवायचा जीव व्हायचा नाय."

डॉक्टर नुसते मान हलवून पुढे गेले.

तीस मीटरवर ट्रॅक्टरची ट्रॉली आडवी लावून तिच्यावर ताडपत्री टाकली होती. डॉक्टर तिच्या आडोशाने बसले, गुडघ्यावर कोपर टेकवून. आणि माझ्या लक्षात आलं. कारखान्यात ते उभे होते. इथे बसलेले. बसल्यावर खांदा वेगळा झुकतो. म्हणजे बंदुकीचं तिरकेपणही बदललेलं असणार.

"भोये, ओळंबा," मी म्हटलं.

भोयेंनी कांद्याच्या गोणीची सुतळी सोडवली, तिला दगड बांधला आणि चाळीपासून बऱ्याच बाजूला असलेल्या शेवग्याच्या फांदीवर टाकली. कोणाची तरी घागर आणून दगड पाण्यात सोडला. गर्दीत कुजबुज झाली.

"बाई कायतरी बांधून ऱ्हायल्या," एक जण म्हणाला.

"लिंबू न्हाई बांधलं का?" दुसरा. "लिंबाबिगर उतरायची नाय ती."

डॉक्टरांनी बसल्या जागेवरून सुतळीवर स्कोप रोखला. "थोडी तिरकी आहे. उलट्या बाजूला."

"दस्ता दोन बोटं वर घ्या."

त्यांनी घेतला. श्वास सोडला. "आता रेघेवर रेघ."

"हाच हात लक्षात ठेवा. आता काही हलवू नका. फक्त वळा."

ते चाळीकडे वळले. चाळीच्या या टोकाची एक पट्टी तुटून मोठी फट झाली होती. तिच्यातून आतलं दिसत होतं. मी ट्रॉलीच्या कडेवरून डोकं काढलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिला पाहिलं.

काय सांगू. चित्रात, टीव्हीवर बिबट्या पाहिला होता. पण चित्रातल्या बिबट्यामुळे हवा बदलत नाही. ती चाळीच्या मधोमध उभी होती. फटींतून पडलेल्या उन्हाच्या पट्ट्या तिच्या अंगावरून जात होत्या आणि तिची कातडी त्यांच्याखाली हलत होती, ती उभी असूनही. इतकं नेमकं, इतकं पुरं बनवलेलं काही मी पाहिलं नव्हतं. मोठमोठ्या मशिन पाहिल्या, केसाच्या शतांशाइतका फरक पकडणारी यंत्रं वापरली. हिच्यापुढे ती सगळी कच्ची वाटली. तिने मान वळवून आमच्याकडे पाहिलं. मी हात जोडले, पण भीतीने नाही. शेजारी चंद्राक्कांनी आधीच जोडले होते.

डॉक्टर थांबले होते. मी मनात म्हणत होते, मारा. ते मारेनात. मादी वळली. मागची मांडी फटीसमोर आली.

फट्ट असा आवाज झाला. डार्ट गोळीसारखा वेगात जात नाही. तो दिसतो. गुलाबी गोंडा आधी वर चढला, मग उतरायला लागला, आणि मी तो नुसता उभ्या रेषेत जाताना पाहिला. उजवीकडे नाही, डावीकडे नाही. मांडीच्या जाड भागात तो जाऊन रुतला.

मादीने एकदा गुरगुरून मागे वळून पाहिलं. दोन धडका मारल्या. मग चालता चालता तिचे मागचे पाय ऐकेनासे झाले. काही मिनिटांनी ती बसली. आणखी काही मिनिटांनी तिने डोकं जमिनीवर ठेवलं.

पोलिसाने रायफल खांद्याला अडकवली.

डॉक्टर आत गेले, मग मला हात केला. या औषधात जनावराचे डोळे उघडेच राहतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ते पिवळे-हिरवे डोळे माझ्याकडे बघत होते आणि बघत नव्हतेही. डॉक्टरांनी डोळ्यांत मलम घालून त्यांवर कापड टाकलं. डार्ट काढला. सुई गेली होती तिथे थेंबभर रक्त होतं.

"मॅडम, मी तिचं तोंड बघतो. तुम्ही श्वास मोजा. मिनिटाला किती ते सांगा."

मी घड्याळ काढलं आणि दुसरा हात तिच्या बरगड्यांवर ठेवला. ऊब होती. केस वरून रखरखीत, आत मऊ. हात वर जायचा, खाली यायचा. एक, दोन, तीन. नऊपर्यंत मोजलं आणि पुढे माझा हिशोब हरवला. नोकरीत असं कधीच झालं नव्हतं. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा हरवला.

"किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"चालू आहे," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघून हसले आणि स्वतः मोजायला लागले. मग तिला ताडपत्रीवर घेऊन आठ माणसांनी पिंजऱ्यात ठेवलं. डॉक्टरांनी उतारा टोचला. आम्ही जीपच्या मागे उभे राहिलो. बराच वेळ काही झालं नाही. मग कान हलला. मग तिने डोकं उचललं, डुलत डुलत उठून बसली आणि गुरगुरली. तो आवाज कानांआधी माझ्या पायांना कळला. डॉक्टर बाजूला जाऊन मका उभा होता तिथे तोंड फिरवून उभे राहिले. ते रडत होते. मला जायचं नव्हतं, पण मी गेले. मीही रडत होते, त्यामुळे कोणालाच कोणाची लाज वाटली नाही.

चार-पाच दिवसांनी कारखान्यात त्यांचा फोन आला. तोंडाच्या जखमा भरल्या होत्या, मादीला लांबच्या जंगलात सोडलं होतं.

"दार उघडल्यावर एका उडीत गेली," ते म्हणाले. "मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही."

"आणि तुम्ही?"

"मी कुठे जातोय? कालच एका गावाहून बोलावणं आलंय."

त्यानंतर मी नोकरीत आणखी बरीच वर्षं काढली. स्टँडर्ड रूम तीच, दगड तोच. एक मात्र बदललं. बाहेरचा ऑपरेटर जेव्हा जेव्हा माल मोजायचं हत्यार, म्हणजे गेज, घेऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, तुमचा गेज चुकतोय," तेव्हा मी त्याला खोलीत न बोलावता उठून त्याच्या मशिनवर गेले आणि तो गेज कसा धरतो ते आधी बघितलं. निम्म्या वेळा तोच चुकत असायचा. उरलेल्या निम्म्या वेळा मी.